गाडीचे मागचे पाटे

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक स्पीडब्रेकर आहे. कोथरूडमधल्या इतर स्पीडब्रेकरांपेक्षा तो बराच उंच आहे, कारण कमिटीने तो स्वतः उभं राहून करून घेतला होता. माझ्या व्हॅनचं बूड त्याला पहिल्यांदा घासलं तेव्हा गाडीत मी, माझा नवरा, सासूबाई आणि सासूबाईंची विजेवर चालणारी खुर्ची, असे चौघं होतो. खुर्चीला मी माणसांत धरते, कारण आमच्या तिघांपैकी कोणाहीपेक्षा तिचं वजन जास्त होतं. मागून असा काही खरखराट झाला की वॉचमन केबिनमधून बाहेर आला. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक गॅलरीत पेपर वाचत होते. ते पेपर खाली न करताच म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. तो जरा उंचच झालाय. तुम्ही रोज एकदा गेलात की लेव्हलला येईल."

मी उतरून मागे गेले. गाडीची शेपटी जमिनीकडे झुकली होती आणि तोंड आभाळाकडे होतं. म्हैस डबक्यात बसायला लागते तेव्हा जशी दिसते, तशी.

ही व्हॅन मी बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली तेव्हा घेतली. माणसात धरली तर चाळिशीकडे झुकलेली, चौकोनी तोंडाची, डिझेलवर चालणारी. एके काळी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची, नंतर एका केटरिंगवाल्याकडे होती. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने ऊन चढलं की तिच्यात मसालेभाताचा वास सुटायचा. माझं लहानपण कसबा पेठेत गेलं. आमच्या बोळात कोणी सायकल आडवी लावली की वाहतूक बंद पडायची. मोठी गाडी चालवायची हौस मला बहुधा तिथूनच लागली असावी. नवरा सरकारी खात्यात रस्ते बांधणारा इंजिनियर. त्याला रस्ते आवडतात, पण गाडी चालवायचा मनापासून कंटाळा. तेव्हा आमची वाटणी सोपी होती. मी चालवायची, आणि त्याने शेजारी बसून रस्ता कसा चुकीचा बांधलाय ते सांगायचं.

सुताराकडून आतमध्ये पलंग करून घेतला, दोन बर्नरची शेगडी बसवली, छोटं सिंक, कपड्यांचं कपाट आणि अगदी मागे, दाराला लागून, पाण्याची टाकी. वाई, भोर, महाबळेश्वर असं आम्ही दोघं हिंडलो. तोवर गाडीने कधी कुरकुर केली नाही.

मग सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागल्या आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाजात अजून सगळा वॉर्ड गप्प करायची ताकद. पुण्यात पन्नासहून जास्त वर्षं काढली तरी घरात त्यांची भाषा नागपूरचीच राहिली. ऑपरेशननंतर चालणं जवळजवळ थांबलं, तेव्हा माझ्या नणंदेने त्यांना ही खुर्ची घेऊन दिली. दोन बॅटऱ्या, हाताशी एक दांडी. दांडी ढकलली की खुर्ची पळते. त्या पहिल्याच आठवड्यात सोसायटीत अशा सुसाट फिरायला लागल्या की नवऱ्याने खुर्चीला सायकलची घंटी बसवून दिली.

त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, नागपूरला असते. तिचेही गुडघे गेलेले. दोघींची कित्येक वर्षांत भेट नव्हती. रोज फोन व्हायचा, पण सासूबाईंचं म्हणणं, फोनवर नीट भांडता येत नाही. नवऱ्याने विमानाचं सुचवलं. त्यांनी चौकशी केली, खुर्ची कुठे ठेवतात म्हणून. सामानात जाते, असं कळल्यावर म्हणाल्या, "माह्या खुर्चीले सामानात टाकते, तर मग मले कशाले वर बसवते? राहू दे तुहं विमान." रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या आठवून आम्हीच तो विचार सोडला. एक दिवस त्या खालच्या पार्किंगमध्ये व्हॅनसमोर खुर्ची उभी करून बराच वेळ बघत बसल्या. मी भाजी घेऊन येत होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुह्या ह्या डब्यात ने ना मले."

मला ती कल्पना इतकी आवडली की भाजी तशीच हातात घेऊन मी तिथेच त्यांना होकार दिला.

खुर्ची चढवायला लोखंडी उतरण केली. त्यांना बसायला पट्ट्यासकट एक चांगली सीट बसवली. खुर्ची बांधायला मागे जमिनीत कड्या ठोकल्या. कमोडची खुर्ची, औषधांचा डबा, जाडजूड गादी, सगळं मागे गेलं. आणि सगळं भरून आम्ही पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा तो स्पीडब्रेकर लागला.

त्या दिवशी खडकवासल्यापर्यंत गेलो आणि परत आलो. प्रत्येक खड्ड्यात मागून धप्प असा आवाज यायचा आणि नवरा डोळे मिटून घ्यायचा. परतताना दिवे लावले, तर उजेड रस्त्यावर पडेना. तो समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या स्वयंपाकघरात पडत होता.

"एवढं ओझं हिला झेपायचं नाही," नवरा म्हणाला. "आपण आईला भाड्याच्या गाडीने नेऊ. खुर्ची ट्रकने पाठवू."

"आणि रस्त्यात त्यांना उतरायचं असलं तर? पाच माणसं बोलवायची उचलायला?" मी म्हटलं. "मागचं काम करून घेऊ. मग बघू."

चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी हडपसरपलीकडच्या मांजरी गावाचं नाव काढलं. तिकडे उसाच्या ट्रॉल्या चालतात, त्यामुळे गाड्यांचे पाटे करणारी माणसं तिकडेच. मी दुकानात फोन लावला आणि गाडीचे मागचे पाटे बदलायचे आहेत म्हणून सांगितलं. सासूबाई शेजारीच लसूण सोलत होत्या.

"गाडीत पाटा कशाले व?" त्यांनी विचारलं. "मिक्सर हाये ना घरात."

मी त्यांना समजावलं. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादाच्या लांब वाकवलेल्या पट्ट्या असतात, एकीखाली एक, वरची लांब आणि खालच्या आखूड होत गेलेल्या. गाडीचं सगळं ओझं त्या पेलतात. त्यांनाच पाटे म्हणतात.

"म्हणजे गाडीचा खुबाच म्हण ना," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लसणाकडे वळल्या.

दुकान उसाच्या शेताला लागून होतं. पलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते. अंगणात ट्रॉल्यांचे जुने पाटे रचून ठेवलेले, आत भट्टी. मालक माझ्याच वयाचे, पिकलेल्या मिशांचे, अंगात बनियन आणि डोळ्यांवर नव्या फॅशनचा चष्मा. ते गाडीखाली सरकले आणि तिथूनच बोलू लागले.

"ताई, पाटं पार सपाट झाल्यात. कमान ऱ्हायलीच न्हाई. किती वर्सं झाली बदलून?"

"मी घेतल्यापासून तरी नाही."

"आन भरता काय हिच्यात?"

मी सगळं सांगितलं. खुर्ची, उतरण, पाणी, पलंग, तीन माणसांचं सामान. त्यांनी बाहेर येऊन हात पुसले. "मग दोन पाटं जाड टाकू वरनं. ट्रॉलीचं. वर हत्ती बसवा, हलायची न्हाई."

मी नवऱ्याकडे पाहिलं. आम्ही पूल बांधतो तेव्हा लागतं त्याच्या कितीतरी जास्त वजन धरतो, असं तो म्हणाला. जास्त धरलेलं केव्हाही बरं. मलाही ते पटलं. मजबूत म्हणजे चांगलं, यापलीकडे आम्हा तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात त्या दिवशी काही आलं नाही.

दोन दिवसांनी गाडी आणायला गेलो. काय ऐटीत उभी होती! शेपटी वर, छाती पुढे. नवऱ्याने तिचे चारी बाजूंनी फोटो काढून नणंदेला पाठवले. पण हडपसर ओलांडेपर्यंत माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. गाडी चालत नव्हती, उड्या मारत होती. रस्त्यावर साधा पट्टा रंगवलेला असला तरी मला तो पाठीच्या कण्यात कळत होता. आतल्या शेगडीवरची जाळी उडून सिंकमध्ये पडली.

"रिकामी आहे म्हणून," नवरा म्हणाला. "वजन आलं की बसेल."

रविवारी सकाळी वजन घातलं. सगळं सामान, खुर्ची, भरलेली टाकी आणि सासूबाई. त्यांनी जायच्या दिवशी नेसायची साडीच नेसली होती, सरावासाठी. फाटकाशी मी अगदी हळू घेतली. बूड घासलं नाही, प्राध्यापकांनी गॅलरीतून हातही केला. पण मागची चाकं स्पीडब्रेकरवरून उतरली तेव्हा मागून कोणीतरी लाथ मारावी तशी गाडी उसळली. सासूबाई पट्ट्यासकट वर गेल्या आणि खाली आल्या. त्यांच्या तोंडातली खालची कवळी निघून मांडीवर पडली.

मी गाडी बाजूला घेतली. नवरा धावत मागे गेला. त्यांनी कवळी पदराने पुसली, शांतपणे बसवली, दोनदा चावून पाहिली आणि मग मला विचारलं, "मले नागपूरले नेऊन राहिली, का कारखान्यात गाळपाले?"

मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. नवरा म्हणाला, "आई, लागलं का तुला?"

"मले काय होते? पण हा डबा तीन दिवसांत माह्ये सगळे टाके उसवून टाकंल."

त्या संध्याकाळी घरात कोणी प्रवासाचा विषय काढला नाही. मावशीचा फोन आला तेव्हा सासूबाई तिला एवढंच म्हणाल्या, की गाडी अजून दवाखान्यात आहे. मी स्वयंपाकघरातून ते ऐकलं. त्या गाडीबद्दल असं बोलल्या, जणू तिला फक्त ताप आलाय आणि तो उतरणारच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांजरीला फोन लावला. मालकांनी आधी जरा वाद घातला. एवढं मजबूत काम पुण्यात कोण करून देतं, वगैरे. मी कवळीचं सांगितलं. तेव्हा वाद थांबला.

"असं करा ताई," शेवटी ते म्हणाले. "आजींनाच घिऊन या. हादरं ज्यांना बसत्यात त्यांनाच बसवून बगू."

गुरुवारी आम्ही सगळा जामानिमा घेऊन गेलो. सासूबाई उतरणीवरून खुर्ची सरसर खाली उतरवून थेट दुकानाच्या दारात. मालकांनी चहा मागवला. सासूबाईंनी आधी भट्टी पाहिली, मग मालकांच्या दंडावरचा भाजल्याचा जुना डाग. त्याला काय लावलं होतं म्हणून विचारलं. टूथपेस्ट, असं उत्तर आल्यावर त्यांना चांगलं झापलं. पुढची दहा मिनिटं गाडीचा विषयच नव्हता.

मग मालक म्हणाले, आधी काट्यावर जाऊन येऊ. जवळच उसाच्या गाड्यांचा वजनकाटा होता. तिथे आधी गाडीची फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग फक्त मागची. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून आकडे ओरडून सांगितले. एकूण वजन गाडीच्या कागदांवर दिलेल्या मर्यादेत होतं, तेवढा जीव भांड्यात पडला. पण मालकांनी कपाळाला हात लावला.

"पुढं कायबी न्हाई, ताई. समदं मागंच बसलंय."

आम्ही गाडीचं मागचं दार उघडून बघत उभे राहिलो. नवऱ्याने बोटाने हवेत काहीतरी आकृती काढली. मालक म्हणाले, अजून एक पाटा... आणि सासूबाईंकडे पाहून थांबले. सासूबाईंनी घंटी वाजवली. त्यांना बोलायचं असलं की त्या घंटी वाजवायच्या, ही सवय एव्हाना लागली होती.

"तो पाण्याचा डबा तिकडे दारात काऊन ठेवला?"

"तिथे जागा होती म्हणून," मी म्हटलं.

"अन् माही खुर्ची?"

"तीही तिथेच. चढवायला सोपी."

"आम्ही पेशंट उचलाचो ना," त्या म्हणाल्या, "तर अंगाजवळ धरून उचलाचो. हात लांब करून धरला की आपली कंबर जाते. तुह्या गाडीनं समदं हात लांब करून धरलं हाये."

नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग हसत सुटला. "आई, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. मी कसा विसरलो!"

तिथून काम भराभर सुटत गेलं. मागच्या चाकांच्याही मागे लोंबणारी टाकी पलंगाखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे घ्यायचं ठरलं. खुर्ची बांधायच्या कड्या पुढच्या सीटच्या पाठीशी न्यायच्या. राहिलं ते पाट्यांचं. मालकांनी आता घाई केली नाही. गाडीत सासूबाईंना बसवून, त्यांनी गाडी दाबून पाहिली, खाली वाकून पाहिली, पुन्हा दाबून पाहिली. जुना शॉकअब्जॉर्बर काढून हाताने ओढला तर तो आत-बाहेर असा सहज सरकायला लागला, जसा सायकलचा पंप.

"ह्यो मेलेला हाय. ह्येच्यामुळं ती उडती. पाटा ढकलतो आन ह्यो धरतच न्हाई. पयल्यांदाच बगायला पायजे व्हता मी."

शॉकअब्जॉर्बरची नवी जोडी मी शहरातून आणली. मालकांनी ट्रॉलीचे दोन्ही जाड पाटे काढून टाकले. जुनेच पाटे भट्टीत लाल करून त्यांना पुन्हा बाक दिला आणि तेलात बुडवले. तेव्हा उठलेला धूर बघायला सासूबाई इतक्या पुढे सरकल्या की नवऱ्याने खुर्चीला मागून धरून ठेवलं. त्या पाट्यांत एक नवा, पण पातळ पाटा घातला. आणि सगळ्यात खाली एक सरळसा पाटा, वरच्यांपासून थोडा सुटा राहील असा. मालकांनी मला वाकून दाखवलं. गाडी हलकी असेल तेव्हा तो नुसता बसून राहणार. ओझं वाढलं की वरचे पाटे खाली येऊन त्याच्यावर टेकणार, आणि मग तो कामाला लागणार. पाट्यांच्या टोकांतले रबराचे बुश नवे टाकले, पाटे आवळून धरणारे बोल्ट नवे टाकले.

"थोडं चालवलं की बोल्ट परत आवळून घ्या," ते म्हणाले. "नवीन पाटं आदी जागा धरत्यात."

चाचणीला मालक माझ्या शेजारी बसले, नवरा आणि सासूबाई मागे. मी मुद्दाम शेतांमधला वाईट रस्ता घेतला, ज्यावरून ट्रॉल्या जाऊन जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. गाडी डुलत होती, पण उडत नव्हती. एका मोठ्या खड्ड्यात ती खाली गेली, सावकाश वर आली आणि तिथेच थांबली. मालकांनी मांडीवर थाप मारली. मी आरशात पाहिलं, पण मला फक्त पदराचं टोक दिसलं.

"आई, कसं वाटतंय?" मी विचारलं.

उत्तर नाही.

"आई?"

मी गाडी बांधाला लावली. नवरा खिडकीतून बाहेर कुठल्यातरी मोरीचं बांधकाम बघत होता, तो दचकून वळला. सासूबाईंची मान एका बाजूला कलली होती. तोंड जरासं उघडं. मी पुढच्या सीटवरून मागे वाकले आणि तेवढ्यात त्यांच्या घशातून एक दणदणीत घोरणं निघालं.

मालक तर रस्त्यावर उतरून हसत होते. त्या आवाजाने सासूबाई जाग्या झाल्या आणि आजूबाजूला उसाची शेतं पाहून म्हणाल्या, "आलं का नागपूर?"

जानेवारीत आम्ही निघालो. सकाळी उजाडल्यावर निघायचं आणि ऊन उतरायच्या आत मुक्काम गाठायचा, असा नियम ठेवला होता. नगरच्या पुढे एका धाब्याच्या अंगणात मी गाडीखाली चटई टाकून सगळे बोल्ट पुन्हा आवळले. धाब्यावरचे ट्रकवाले चहा पीत बघत होते. त्यातल्या एकाने, ताई, मी करून देतो, म्हटलं. मी नको म्हटलं. मला ते काम स्वतः करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मी कमालीची खुशीत होते. सासूबाई वर पलंगावर आडव्या होऊन मावशीला फोनवर सांगत होत्या, "सूनबाई गाडीखाली झोपली हाये. नाही व, बिघडली नाही. तिले आवडते ते."

जालन्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, तेव्हा सगळी वाहतूक शेतातून वळवली होती. आमच्या पुढची एक नवी चकचकीत गाडी तिथे बूड टेकून अडकली. तिला सगळ्यांनी मिळून ढकललं. आमची पाळी आली तेव्हा मागून कुठेतरी टक् असा हलका आवाज आला. खालचा पाटा कामाला लागला होता. आम्ही डुलत डुलत पलीकडे गेलो. वळणाचा रस्ता किती बेजबाबदारपणे काढलाय ते नवऱ्याने मेहकर येईपर्यंत सांगितलं.

नागपूरला मावशी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती, हातात काठी. शेजारपाजारचे जमले होते. मी उतरण लावली. सासूबाईंनी पदर नीट केला आणि खुर्ची हळूहळू खाली आणली. जयभीम, जयभीम, सगळीकडून आवाज झाले. दोघी बहिणी समोरासमोर आल्या. मी डोळे पुसायच्या तयारीत होते.

"किती जाडी झाली व तू," मावशी म्हणाली.

"अन् तू काऊन अशी वाळून गेली? खात नाही का?"

"कोन खाऊ घालते?"

"दोन सुना आहे तुले!"

भांडण सुरू झालं. दोन्ही सुना हसत आमचं सामान आत नेऊ लागल्या. भांडताना सासूबाईंनी बहिणीचा हात धरला होता, तो घरात जाईपर्यंत सोडला नाही.

आठवडाभर राहिलो. लहानपणी दोघी ज्या वस्तीतल्या विहारात झाडलोट करायला जायच्या, तिथे रोज सकाळी जायचा परिपाठ झाला. सासूबाई खुर्चीवर, मावशी काठी टेकत शेजारी. एक दिवस मावशीने हट्ट करून खुर्ची चालवायला घेतली, घंटी वाजवत वाजवत सरळ गेली आणि शेजाऱ्यांच्या मोगऱ्याच्या कुंडीत शिरली. कुंडी फुटली. शेजारीण रागावण्याऐवजी स्वतःच एक फेरी मारून आली.

निघायच्या आदल्या दिवशी मावशी जेवताना म्हणाली, "मी बी येतो पुण्याले."

सुना एकमेकींकडे पाहायला लागल्या. तिला गाडी लागते, गुडघे, औषधं, सगळं पुढे आलं. मावशीने कोणाचं ऐकलं नाही. "मोठी झोपत झोपत आली म्हनते. मले काय कमी हाये?"

सकाळी सामान आलं. तिची पेटी, तिची गादी, घरच्या तांदळाचं पोतं, तुरीची डाळ, आणि संत्र्यांच्या दोन पेट्या. नवरा गाडीच्या दारात उभा राहून एखाद्या मुकादमासारखा हुकूम सोडत होता. "तांदूळ मधे. नाही, अजून पुढे. संत्री मागे चालतील. जड आहे ते मधे, पलंगाजवळ." मी मागच्या चाकांवरची मोकळी जागा हाताने मोजून पाहिली. भरपूर होती.

परतीच्या वाटेवर मी एकदाही रेडिओ लावला नाही. मागे दोघी बोलत होत्या. वडिलांनी कोणाला जास्त शिकवलं, आईची बांगडी कोणाकडून हरवली, शाळेतून येताना नदीत कोण पडलं आणि कोणी ढकललं. प्रत्येक गोष्टीच्या दोन वेगळ्या हकिकती होत्या आणि दोघी आपापल्या हकिकतीवर ठाम. माझ्या नवऱ्याला त्याच्या आईबद्दल त्या तीन दिवसांत जे कळलं, ते आधीच्या सगळ्या आयुष्यात कळलं नव्हतं. तो पुढे बसून रस्त्याकडे बघायचं विसरला होता. कारंजा गावाच्या अलीकडे एका शेताच्या कडेला थांबलो. संत्री सोलत असताना मावशीने सहज विचारलं, "समुद्र किती दूर हाये पुण्याहून?"

"काऊन?" सासूबाईंनी विचारलं.

"पाहाचा राहून गेला माहा."

मावशी पुण्यात रमली, आणि मार्चमध्ये दोघींना घेऊन आम्ही दापोलीकडे उतरलो. घाटात मी गाडी दुसऱ्या गियरवरून हलवली नाही आणि मागे दोघी एकमेकींचा हात धरून गप्प बसल्या होत्या, ते मात्र पहिल्यांदाच. खाली किनाऱ्यावर वाळू ओली आणि घट्ट होती, खुर्ची छान चालली. मावशी साडी घोट्यापर्यंत धरून पाण्यात उभी राहिली. लाट आली, पाय भिजवून गेली, पुन्हा आली. मग मावशी मागे वळून बहिणीला म्हणाली, "ये ना व इकडे, तिथं काय बसली?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आणि नवऱ्याने त्यांना दोन्ही बाजूंनी अंगाजवळ धरून उचललं आणि पाण्यापर्यंत नेलं.

एका दिवसासाठी गेलो होतो. तिथे चार दिवस राहिलो.